सायलेन्सरचा स्वतःचा आवाज

छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्याने निघालं की करमाडच्या अलीकडे शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. अशा वसाहतींतल्या कारखान्यांत, कार्यालयांत, प्रयोगशाळांत छताजवळून हवा वाहून नेणारे जीआय पत्र्याचे डक्ट गेलेले असतात आणि त्यांतल्या एखाद्या तुकड्यात हवेबरोबर येणारा आवाज कमी करणारा सायलेन्सर असतो. बाहेरून साधा चौकोनी खोका. आतली घडण मात्र दाद देण्याजोगी आहे.

आत उभी, समांतर बॅफल असतात. वर छिद्रांचा पत्रा, त्यामागे तंतू उडू नयेत म्हणून काचेचं कापड, पोटात ग्लासवूल. दोन बॅफलमधल्या चिंचोळ्या वाटेनं हवा जाते. हवा ढकलणाऱ्या ब्लोअरचा आवाजही त्याच वाटेनं येतो, पण छिद्रांतून लोकरीत शिरतो, तंतूंशी घासतो आणि उष्णता होऊन जिरतो. हवेला मोकळीक द्यायची आणि आवाजाला अडवायचं, ही दोन विरोधी कामं एकाच आकृतीनं साधली आहेत.

खरी कारागिरी बॅफलच्या दोन टोकांना दिसते. हवेकडचं तोंड अर्धगोल, मागचं टोक निमुळतं. तोंड चौकोनी राहिलं तर हवा काठावरून उखडते. शेपूट बोथट राहिली तर तिच्यामागे भोवरे सुटतात. हे भोवरेच नवा आवाज जन्माला घालतात. बासरीतही फुंक काठावर आपटून असेच भोवरे उठतात, पण तिथे नळीतली हवा त्यांना एका सुरात बांधते. सायलेन्सरमध्ये त्यांचा नुसता सोसाटा होतो, आणि आवाज गिळायला बसवलेली वस्तू स्वतःच बोलू लागते.

हा दोष किती चटकन वाढतो ते आकड्यांत पाहावं. डक्टमध्ये हवेचा वेग सेकंदाला ५ मीटर आहे आणि बॅफलनी निम्मी जागा घेतली आहे असं धरू. मधल्या वाटेत तोच वेग १० मीटर होतो. हवेच्या आवाजाची शक्ती ढोबळमानानं वेगाच्या पाचव्या ते सहाव्या घातानं वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की आवाज १५ ते १८ डेसिबलनी चढतो. आता ब्लोअरचा आवाज सायलेन्सरनं ३० डेसिबलवर आणला, पण त्याचा स्वतःचा आवाज ४० आहे, तर पुढे जाणारा आवाज ४० च्या किंचित वरच राहणार. सायलेन्सरची लांबी दुप्पट केली तरी त्यात फरक पडत नाही; उलट हवेला अडथळा वाढतो आणि ब्लोअरवरचा भार चढतो. उपाय एकच, डक्ट रुंद करून हवेला सावकाश जाऊ द्यायचं. वेग निम्मा झाला की दाबाची हानीही चौथ्या हिश्शावर येते.

जागेचीही जाण लागते. एल्बोला, म्हणजे डक्टच्या वळणाला, किंवा ब्लोअरच्या तोंडाला चिकटून बसवलेल्या सायलेन्सरमध्ये आधीच खवळलेली हवा शिरते, म्हणून मध्ये सरळ डक्ट हवा. खोलीच्या ग्रिलला लागून बसवला तर त्याचा स्वतःचा आवाज जिरायला पुढे वाटच उरत नाही. एएचयूच्या (एअर हँडलिंग युनिटच्या) खोलीच्या भिंतीपाशी बसवला, की पुढची वळणं उरलेलं काम करतात.

सभागृहात हा प्रश्न आणखी नाजूक होतो. मुंबईत एनसीपीएचं टाटा थिएटर १९८० मध्ये सुरू झालं. वास्तुरचना फिलिप जॉन्सन यांची, ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची, आणि ध्वनिवर्धकाशिवाय संगीत ऐकता यावं हा हेतू. अशा सभागृहात हवेचा आवाज कार्यालयाला चालतो त्याहून कितीतरी खाली ठेवावा लागतो. तंबोऱ्याची आस विरत जाताना तिच्यावर हवेची सळसळ आली, तर गायकानं राखलेली शांतता गेलीच. तिथे सायलेन्सर किती डेसिबल गिळतो हे पुरत नाही. तो स्वतः किती गप्प राहतो हेही मोजावं लागतं.

उत्तम सायलेन्सरची माझी कसोटी हीच आहे. शेंद्र्यातल्या कार्यालयासाठी घ्या किंवा गावातल्या सभागृहासाठी, विक्रेत्याकडून नुसता आवाज-घटीचा तक्ता घेऊ नका. आयएसओ ७२३५ या मानकात आवाजाची घट, हवेमुळे उठणारा आवाज आणि दाबाची हानी या तिन्ही गोष्टी मोजण्याची पद्धत दिलेली आहे. आपल्या डक्टमधल्या वेगाला हे तिन्ही आकडे मागा, आणि मधला आकडा आधी वाचा.