जिथं खोटं बोलताच येत नाही : एका हॉकी व्हिडिओ गेमचं परीक्षण

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, "सर, छापण्यात काही गडबड झाली काय?" गडबड नाही. कादंबरीचं परीक्षण होतं, नाटकाचं होतं, मग ज्या गोष्टीवर घरातली पोट्टी रोजचे दोन-दोन तास घालवतात तिचं का होऊ नये? तिला नुसतं "डोळे फुटतील" म्हणून मोकळं होणं ही काही समीक्षा नव्हे. तेव्हा आज आपण एक हॉकीचा व्हिडिओ गेम घेऊ, त्यात चांगलं काय आणि उणं काय ते पाहू, आणि त्यातून एक जुना प्रश्न निघतो त्याच्याकडे येऊ.

खेळाचं नाव 'एनएचएल ९४'. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकन कंपनीनं तो १९९३ साली सेगा आणि निन्टेन्डोच्या यंत्रांसाठी काढला. एनएचएल म्हणजे अमेरिका आणि कॅनडामधली नॅशनल हॉकी लीग. या मालिकेतले नवे खेळ अजूनही येतात, चित्रं आता सिनेमासारखी दिसतात. पण आम्ही मुद्दाम जुना निवडला. एक तर तो अजूनही आवडीनं खेळला जातो, त्याच्या स्पर्धा होतात. आणि दुसरं, तो लहान आहे. लहान यंत्र उघडून पाहता येतं, मोठ्याच्या चकचकाटात स्क्रू दिसत नाहीत.

आता कोणी म्हणेल, नागपूरचा आणि बर्फाचा संबंध काय? आपल्याकडे आकाशातून पडतात त्या गारा, आणि त्याही संत्र्याच्या बागांवर. खरं आहे. आपल्या लेखी हॉकी म्हणजे मैदान, अकरा जण, ध्यानचंद. आपल्या महाराष्ट्रातलं नाव घ्यायचं तर खडकीचा धनराज पिल्ले, जो चार ऑलिम्पिक खेळला. पण मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की रामदासपेठेतलं पोरगं लेंड्रा पार्कातसुद्धा जात नाही, कूलरसमोर बसतं. आणि पडद्यावर त्याला जी हॉकी भेटते ती बर्फावरचीच असते, कारण मैदानी हॉकीच्या वाट्याला या तोडीची मालिका आलीच नाही. विदर्भ हॉकी असोसिएशनचं मैदान आपल्याच गावात आहे, पण हॉकी या शब्दाशी त्या पोराची पहिली ओळख सहा खेळाडूंच्या, रबरी चकतीच्या, पायात धारदार स्केट घातलेल्या खेळाशी होते. म्हणून हा विषय परका नाही.

आधी गुणांबद्दल बोलू.

पहिला गुण म्हणजे हा खेळ पास द्यायला शिकवतो. यात एक युक्ती नव्यानं आली, तिला 'वन-टाइमर' म्हणतात. सोबत्यानं चकती सरकवली की ती थांबवायची नाही, आवरायची नाही, पोचता पोचता तशीच गोलात हाणायची. गोलरक्षक पास देणाऱ्याकडे तोंड करून उभा असतो, त्याला या टोकाकडून त्या टोकाकडे सरकायला वेळच मिळत नाही. एकट्यानं चकती घेऊन धावणाऱ्याला इथं बहुतेक वेळा धक्का बसून लोळावं लागतं. सहकार्यावर आम्ही वर्गात तास-तासभर बोलायचो, त्यातलं निम्मं हा खेळ एका बटणात सांगून जातो.

दुसरा गुण थकव्याचा. बर्फावरची हॉकी इतकी वेगवान की खेळाडू मिनिटभरातच दमतो, आणि सामना चालू असतानाच तुकड्या बदलतात. या खेळात ती सोय आहे. वीस मिनिटांचे तीन डाव असतात, ते हवे तर छोटे करता येतात, पण दमलेल्या तुकडीला बाहेर बोलावण्याचं भान ठेवावंच लागतं. मोठा खेळाडू आहे म्हणून त्याला सगळा वेळ मैदानात ठेवता येत नाही. हे बऱ्याच संस्थाचालकांनासुद्धा कळलं तर बरं होईल.

तिसरा गुण वातावरणाचा. प्रेक्षकांचा आवाज चढतो-उतरतो, आणि संघासंघाप्रमाणे ऑर्गनच्या वेगळ्या सुरावटी वाजतात. तुटपुंज्या साधनांत हे केलंय. चौथा गुण, त्यांनी मारामारी काढली. आदल्या वर्षीच्या खेळात दोन खेळाडू हातमोजे टाकून ठोसेबाजी करायचे. '९४' मध्ये ती नाही. पुष्कळ चाहते हळहळले, पण त्यामुळे खेळ सुटसुटीत झाला, असं आमचं मत.

आता उणिवा. पहिली उणीव सगळ्या जाणत्या खेळाडूंना ठाऊक आहे. गोलासमोरून आडवं सरकायचं, गोलरक्षक सोबत सरकला की चकती उलट्या कोपऱ्यात टाकायची. हा गोल जवळजवळ हमखास होतो. एकदा हातात बसला की प्रतिभेची गरज उरत नाही, पाककृती उरते. दुसरी उणीव गमतीदार आहे. सेगाच्या आवृत्तीत वजनाचं गणित उलटं पडलंय. धडकेत दणकट गड्याऐवजी हलक्या गड्याची सरशी होते! हे वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांनी शोधून काढलं. दुबळ्यांना न्याय म्हणून नव्हे, नुसती आकडेमोडीतली चूक म्हणून.

तिसरी उणीव हाताची. आपल्या मैदानी हॉकीत काठीची एकच बाजू चपटी असते आणि चेंडू त्याच बाजूनं खेळायचा असतो. डावीकडचा चेंडू घ्यायचा तर मनगट फिरवून काठी उलटी करावी लागते. आपला सगळा ड्रिबल त्या मनगटात आहे. त्या कलेला जमिनीचाही आधार होता. १९७६ साली माँट्रियलला ऑलिम्पिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम पृष्ठभागावर खेळली गेली, आणि १९२८ पासून दर वेळी पदक आणणारा भारत सातवा आला. कारणं अनेक असतील, पण जमीन बदलली की कोणाचं कौशल्य मोलाचं ठरतं तेही बदलतं, एवढं त्यातून दिसलं. व्हिडिओ गेममध्ये जमीनच नाही. खराखुरा बर्फ स्केटच्या धारेनं ओरबाडला जातो, पडद्यावरचा बर्फ शेवटच्या मिनिटालाही पहिल्या मिनिटासारखाच गुळगुळीत राहतो. मनगटाच्या जागी अंगठा आला. पुढे 'एनएचएल ०७' पासून कंट्रोलरच्या उजव्या काडीवर स्टिक फिरवण्याची सोय झाली, ती सुधारणा चांगलीच. पण ते मनगटाचं काम अंगठ्याला समजावून सांगणं आहे.

इथवरच्या उणिवा अभियंत्यांनी दुरुस्त करण्यासारख्या. आता चौथी. ती दुरुस्त होणारी नाही, आणि आज तुम्हाला बोलावलं ते तिच्यासाठी.

खेळ म्हणजे काय, यावर बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञानं १९७८ साली 'द ग्रासहॉपर' नावाचं पुस्तक लिहिलं. कॅनडात शिकवायचे, म्हणजे बर्फाच्या हॉकीच्या माहेरी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की खेळ म्हणजे गरज नसलेले अडथळे आपणहून स्वीकारणं. चकती गोलात न्यायचीच असेल तर उचलून नेणं सोपं. पण आपण म्हणतो, नाही, काठीनंच नेणार. सोपा मार्ग बाजूला ठेवून अवघड मार्ग पत्करला की खेळ सुरू होतो.

आपल्या मीमांसकांना हे नवं वाटलं नसतं. यज्ञासाठी भाताचं तूस काढायचं आहे. ते नखानं सोलूनही निघेल. विधी मात्र सांगतो, कांडूनच काढ. याला त्यांनी नियमविधी म्हटलं. आणि त्यांची अट फार मार्मिक आहे: दुसरा मार्ग खरोखर मोकळा असेल तरच नियमाला अर्थ. नखानं सोलणं शक्यच नसतं तर 'कांडूनच काढ' हे सांगण्यात नियम काय राहिला? ते नुसतं वस्तुस्थितीचं वर्णन झालं असतं.

आता ही कसोटी आपल्या खेळाला लावा. पडद्यावरचा खेळाडू चकती खिशात घालून पळू शकतो काय? गोलरेषेपलीकडे गेली नसताना "गेली, गेली" म्हणून ओरडू शकतो काय? ऑफसाइड झालं हे त्याला कळलं आणि यंत्राला कळलं नाही, असं होऊ शकतं काय? नाही. दंडाचे फाउल आहेत, पण त्यांचाही निवाडा यंत्राच्या पोटात होतो, आणि मेनूत जाऊन दंड बंदही करता येतात, पंखा बंद करावा तसे. तिथं पंच आणि जग एकच आहे. म्हणून मीमांसकांच्या भाषेत सांगायचं तर तिथले बरेचसे नियम हे नियमच नाहीत. ते त्या जगाचं गुरुत्वाकर्षण आहे.

याचा परिणाम काय? मैदानावर चेंडू हळूच पायाला लागतो. पंच दुसऱ्या बाजूला आहे. लागला हे फक्त लागलेल्याला ठाऊक. त्या अर्ध्या सेकंदात तो थांबतो की पुढे जातो, यात त्या माणसाची सगळी जडणघडण दिसते. पडद्यावर तो अर्धा सेकंदच नाही. जिथं खोटं बोलता येत नाही तिथं खरं बोलण्याला मोल कुठून येणार? 'एनएचएल ९४' खेळणारं पोरगं शंभर सामने एकदाही लबाडी न करता खेळेल, आणि त्यात प्रामाणिकपणाचा एक पैसाही जमा होणार नाही.

आमच्यावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो वजनदार आहे. आता खऱ्या हॉकीच्या मोठ्या सामन्यांतही व्हिडिओ पंच आलेत. पायाला लागलं की नाही ते कॅमेरा सांगतो. मग मैदानही पडद्याच्याच वाटेनं चाललं नाही काय? काही अंशी हो. पण त्याचा एक भाग आपण विसरतो. कॅमेऱ्याकडे दाद मागायची की नाही हे माणूस ठरवतो, आणि शाळा-कॉलेजांच्या मैदानावर, जिथं माणूस घडतो, तिथं कॅमेरा नसतोच. तिथं एक पंच असतो, एक शिटी असते, आणि बाकी सगळं खेळणाऱ्यांवर सोडलेलं असतं.

मग हा खेळ नीतीच्या दृष्टीनं कोराच का? इथं आम्हाला एक गोष्ट दिसली. मघाशी त्या हमखास गोलाबद्दल बोललो. दोन पोरं शेजारी बसून खेळत असली की दहा-पंधरा सामन्यांनंतर त्यांच्यात एक बोलणं होतंच: "तो आडवा गोल मारायचा नाही हं." "वजनवाला घोळ वापरायचा नाही." यंत्र त्यांना अडवत नाही, त्याच्या लेखी तो गोल कायदेशीर आहे. अडवतो तो शेजारी बसलेल्याला दिलेला शब्द. आता नखानं सोलणं शक्य आहे, आणि तरी कांडायचं ठरलंय. मीमांसकांचा नियम यंत्राबाहेर, सोफ्यावर जन्माला आला! आणि नियम आला की लबाडीची शक्यता आली, "चुकून झालं रे" आलं, "चल, हा नको धरू" आलं. दोन गोलांनी मागे असताना, शेवटच्या मिनिटाला तो आडवा गोल समोर दिसत असून जो पोट्टा मारत नाही, त्यानं काहीतरी कमावलं.

म्हणजे आमच्या मते या खेळातली सगळ्यात शिकवणारी जागा त्याच्या कारागिरांनी घडवलेली नाही, ती त्यांच्या हातून राहून गेलेली आहे. यंत्राची चूक होती म्हणून माणसांना आपसात नियम करावा लागला. उद्या सगळे दोष काढून निर्दोष खेळ बनवला तर तो अधिक सुंदर होईल, पण ही जागा बुजेल. आणि एकट्यानं यंत्राविरुद्ध खेळणाऱ्याला ती जागा आजही मिळत नाही, कारण यंत्राला शब्द देता येत नाही.

तेव्हा आमचा अभिप्राय असा. खेळ म्हणून 'एनएचएल ९४' उत्तम आहे. पास, वेळ आणि दमसास यांची त्याची जाण पक्की आहे, आणि आजही तो कंटाळवाणा होत नाही. हाताचं आणि जमिनीचं ज्ञान त्यात नाही, ते त्याच्याकडून मागूही नये. घरात आणायचा असेल तर दोन कंट्रोलर आणा. शेजारचं पोरगं बोलवा. भांडणं होतील, होऊ द्या. मध्ये पडून निवाडा करू नका, तो त्यांचा त्यांना करू द्या. आणि पावसाळा लागून ऊन उतरलं की त्याच दोघांना एकेक हॉकी स्टिक देऊन मैदानावर पाठवा, जिथं चेंडू पायाला लागल्याचं त्यांचं त्यांनाच सांगावं लागतं.

आता प्रश्न असतील तर विचारा. मागच्या रांगेतल्या तरुण मंडळींनी आधी विचारावं. या विषयात त्यांचा अधिकार आमच्याहून मोठा आहे.