किस्सा-इ-संजाण आणि यजमानाची बाजू

निर्वासितांस आश्रय द्यावा कीं न द्यावा असा वाद निघाला, कीं संजाणच्या राण्याची दुधाच्या पेल्याची व साखरेची गोष्ट पुढें केली जाते. ही गोष्ट ज्या ग्रंथांत असावी असें सर्व धरून चालतात, त्या बहमन कैकोबादकृत 'किस्सा-इ-संजाण' या फारसी काव्यांत ती मुळींच नाहीं. तेथें आहेत त्या पांच अटी : आपला धर्म समजावून सांगावा, मायबोली टाकून येथील भाषा बोलावी, स्त्रियांनीं येथील वेष घ्यावा, शस्त्रें खालीं ठेवावीं, विवाह सायंकाळीं करावे. साखर विरघळली हें सर्वांस आठवतें. शस्त्रें ठेवविलीं हें कोणी सांगत नाहीं.

काव्य इ. स. १५९९ मधील. पारशांचें आगमन ७१६ चें कीं ९३६ चें, हा वाद येथें नको. होडीवालांचें ९३६ हें साल धरलें तरी मध्यें साडेसहाशें वर्षांहून अधिक काळ लोटतो. शिवाय कवि स्वतः नवसारीचा पारशी. आश्रितांच्या वंशजांनीं काय स्मरणांत ठेविलें, याचें तें उत्तम साधन आहे. यजमानाच्या मनोवृत्तीचें नव्हे. राजाच्या ठायींचें भय आणि औदार्य, दोन्हीं पाहुण्याच्याच लेखणींतून उतरलीं आहेत.

यजमानाकडील लेख पाहावयाचा तर डहाणू तालुक्यांतील चिंचणी येथें सांपडलेला, राष्ट्रकूट तिसऱ्या इंद्राच्या काळचा शके ८४८ (इ. स. ९२६) चा ताम्रपट वाचावा. संयान, म्हणजे संजाण, मंडलाचा अधिकार त्या वेळीं एका ताजिकाकडे, म्हणजे अरबाकडे होता. त्यानें दोन नद्यांवर विनाशुल्क नावेची सोय केली, भात, कालवण व तूप मिळेल असें अन्नसत्र घातलें, आणि देवीचा नैवेद्य व ब्राह्मणभोजन यांसाठीं एका मठिकेस जमीन दिली. अरबांच्या सत्तेस भिऊन निघालेल्या नौका ज्या बंदरास लागल्या म्हणतात, तेथें ९३६ च्या अवघीं दहा वर्षें आधीं अरब अधिकारी! काव्यांत याचा मागमूस नाहीं. परक्यांची सवय आधींच जडलेल्या बंदरानें आणखी एक समूह सामावून घेतला, ही उपपत्ति मला एका राण्याच्या औदार्यापेक्षां अधिक सयुक्तिक वाटते.

ताम्रपटांतील त्या अधिकाऱ्याचें नांव 'मधुमति' असें आहे. हें मुहम्मद या नांवाचें संस्कृत रूप होय. नुसता ध्वनि उतरवावयाचा असता तर इतकें साधें, सुबोध आणि गोड अर्थाचें रूप क्वचितच साधलें असतें. अशीं किती नांवें त्या लेखकाच्या कानांवरून आधीं गेलीं असतील?