चोळीबांगडीचं कलम

शिवाजी महाराज आणि व्यंकोजीराजे यांचा तंटा आपण शाळेत शिकतो तो दक्षिण दिग्विजयातला एक प्रसंग म्हणून. भेट झाली, धाकटा भाऊ रुसून गेला, लढाई झाली, मग तह. परीक्षेत दोन मार्कांचा प्रश्न. अलीकडे मी हे सगळं पुन्हा वाचलं ते वाटणीचे कागद म्हणून. कारण मुळात हे तेच आहे.

शहाजीराजे १६६४च्या जानेवारीत कर्नाटकात होदिगेरेजवळ शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून गेले. थोरला मुलगा जिजाबाईंचा, सह्याद्रीत. धाकटा तुकाबाईंचा, वडिलांजवळ कर्नाटकात. पुढची तेरा वर्षं तिकडची दौलत धाकट्याच्याच हातात राहिली. १६७७मध्ये थोरला तिकडे पोचला आणि त्याने विषय काढला. पाचोऱ्यात कुठल्याही गल्लीत ही गोष्ट नावं बदलून सांगा. कोणालाही समजावून सांगावी लागणार नाही.

आता कागदांकडे बघू. पहिला कागद सभासदाची बखर. कृष्णाजी अनंत सभासद यांनी ती १६९०च्या दशकात, जिंजीत, राजाराम महाराजांच्या आज्ञेने लिहिली. तिच्यात महाराज भावाकडे काय मागतात? वडिलांची बारा बिरुदं. जमीन नको, महसूल नको, वडिलांनी कमावलेला मान तेवढा द्या, असा सूर आहे. व्यंकोजी घाबरून रातोरात निघून जातात आणि महाराजांना वाईट वाटतं की मी काय याला कैद करणार होतो?

दुसरा कागद म्हणजे महाराजांनी भावाला लिहिलेलं पत्र. त्यातला सूर निराळा आहे. तिथे हिशेब आहे. तेरा वर्षं तुम्ही एकट्याने खाल्लं, आता माझा अर्धा वाटा. वर कौरव-पांडवांचा दाखला आणि घरात भांडण बरं नव्हे हा उपदेश.

यातलं खरं कोणतं, हा इतिहासकारांचा प्रश्न. वाचक म्हणून मला फरक महत्त्वाचा वाटतो. सभासद लिहितो ते मालक वारल्यावर, मालकाच्या मुलासाठी. म्हणून त्याच्या गोष्टीत मागणी मानाची होते. पत्र लिहिणारा भाऊ आहे, त्याला उत्तर हवंय. म्हणून तो आकडे मांडतो. आपल्याकडेही वाटणीची गोष्ट नंतर सांगताना सगळे ‘आम्हाला जमिनीचं काही नव्हतं, शब्दाचं होतं’ असंच म्हणतात. भांडण चालू असताना मात्र बोलणं गुंठ्यांत होतं.

तिसरा कागद मला सगळ्यात जास्त आवडतो. महाराज परतल्यावर व्यंकोजींनी त्यांच्या फौजेवर हल्ला केला, हरले, आणि समेट झाला. व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांनी नवऱ्याला समजावलं, असं बखरी सांगतात. त्या समेटाचा एकोणीस कलमांचा मजकूर उत्तरकालीन बखरींतून आपल्यापर्यंत आलाय, त्यामुळे तो शब्दन् शब्द त्या काळचा म्हणून वाचू नये. पण मराठी माणसाने वाटणी कशी कल्पिली, हे त्यात स्वच्छ दिसतं.

त्यात धाकट्या भावाला तंजावरकडचा मुलूख दिलाय तो ‘दूधभाता’साठी. आणि बंगळूर, होसकोट, शिरालकोट हा दोन लाखांचा मुलूख दीपाबाईंना, ‘चोळीबांगडी’साठी.

आजचं बंगळूर, चोळीबांगडीसाठी! पहिल्यांदा वाचताना मी हसलो. मग शब्दापाशी थांबलो. भावाचा वाटा दूधभात, म्हणजे पोट. बाईचा वाटा चोळीबांगडी, म्हणजे अहेव लेणं. दोन्ही शब्द लाडाचे आहेत, आणि दोन्ही शब्द ‘हक्क’ म्हणत नाहीत. ज्या भावाने स्वतःसाठी पत्रात ‘अर्धा’ म्हटलं, तोच देताना दूधभात म्हणतो. घेताना हिस्सा, देताना माया. वाटणीच्या भाषेचा हा कायदा आजही बदललेला नाही.

पण कलम इथे संपत नाही. पुढे म्हटलंय की हा मुलूख बाईंच्या मुलींच्या वंशात चालावा. मुलाने त्याचं रक्षण करावं, उत्पन्न मात्र दीपाबाई ठरवतील त्या मुलीने खावं. म्हणजे कलमाचं नाव मायेचं असलं तरी आतली तरतूद पक्की आहे. राखायचं मुलाने, खायचं मुलीने, आणि कोणत्या मुलीने ते ठरवायचं आईने.

याच्या साठ वर्षं आधीचा एक इंग्रज कागद शेजारी ठेवून बघा. विल्यम शेक्सपिअरने मार्च १६१६मध्ये मृत्युपत्र केलं आणि एप्रिलमध्ये तो गेला. त्यात तो नाटककार नाही, स्ट्रॅटफर्डचा एक खाऊनपिऊन सुखी गृहस्थ आहे. बायकोला त्याने दोन नंबरचा पलंग ठेवला, तोही दोन ओळींच्या मधे मागाहून घुसवून. त्या पलंगावर चारशे वर्षं लोक भांडतायत. माझं लक्ष मात्र धाकट्या मुलीकडे, जुडिथकडे जातं. मोठं घर आणि जमीनजुमला थोरल्या सुझॅनाला, आणि तिच्यानंतर तिच्या मुलग्यांना. जुडिथला लग्नाचे म्हणून शंभर पौंड. आणखी पन्नास पौंड एका अटीवर: गावातल्या एका घरावरचा आपला हक्क तिने बहिणीच्या नावे सोडून द्यायचा.

आपल्याकडे या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात.

खानदेशात मोठ्या झालेल्या माणसाला हा शब्द शिकावा लागत नाही. १९९४मध्ये महाराष्ट्राने अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क दिला. २००५मध्ये केंद्राने तो सगळ्याच मुलींना दिला. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क जन्माने मिळतो, त्यासाठी २००५मध्ये वडील हयात असायची गरज नाही. आता सातबारा मोबाईलवर दिसतो, त्यावर बहिणींची नावं लागतात, आणि मग ती कमी करायला कागद होतो. आमच्या घरातही असा एक आहे. माझ्या दोन आत्यांनी सही केलेला. ‘राजीखुशीने’, ‘कोणाच्याही दबावाशिवाय’, ‘विनामोबदला’. मी तो नीट वाचला तेव्हा जाणवलं की शेक्सपिअरच्या वकिलाने निदान पन्नास पौंड लिहिले होते.

आत्यांना विचारलं तर दोघी म्हणतात, आखाजीला माहेरचं दार उघडं राहिलं पाहिजे ना. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, परत जाताना लुगडं घेऊन जातात. ते दार आणि ती जमीन यांच्यात एकच निवडायचं, असं त्यांना कोणी स्पष्ट सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही. मला त्यांच्या मायेवर शंका नाही. शंका आहे ती एवढीच, की मायेचा दाखला दर वेळी बाईनेच का द्यायचा? काकांना कधी कोणी विचारलं नाही की बहिणींवर प्रेम असेल तर अर्धा एकर सोडा.

म्हणून एकोणीस कलमांतलं ते एक कलम मला आज वाचण्यासारखं वाटतं. ते परिपूर्ण नाही. बाईला ते सून म्हणून देतं, वारस म्हणून नाही. देणारा उदार आहे म्हणून ते मिळतं. तरीही त्यात बाईच्या नावापुढे रक्कम आहे, गावांची नावं आहेत, आणि तिच्यानंतर कोण, हे ठरवायचा अधिकार तिच्याकडे आहे. लुगड्याबद्दल असं काही लिहिलेलं नसतं.

घरात असा कागद असेल तर एकदा काढून वाचा. कोणाला किती मिळालं ते शेवटी बघा. आधी प्रत्येकाच्या नावापुढे कोणता शब्द वापरलाय ते बघा: हिस्सा, दूधभात, चोळीबांगडी, की नुसतं ‘राजीखुशीने’. आणि अजून सही व्हायची असेल, तर आत्याला किंवा बहिणीला तो आधी मोठ्याने वाचून दाखवा.