रणरागिणी आणि लेफ्ट बॅक

पत्रिकेत आजच्या विषयापुढे 'भारतीय महिला फुटबॉल संघ : एक आढावा' असं छापलंय. आढावा मी घेणार नाही. आढावा घ्यायला आकडे लागतात, ते कुणालाही मोबाईलवर मिळतात. मला बोलायचंय ते या संघाविषयी आपण जे लिहितो आणि बोलतो, त्याविषयी. पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, तशी कौतुकाचीही एकदा व्हायला हरकत नाही.

५ जुलै २०२५ ला चियांग माईमध्ये भारतानं थायलंडला २-१ असं हरवलं. पात्रता फेरी जिंकून आशियाई चषकात जागा मिळवण्याची ही भारतीय महिलांची पहिलीच वेळ. थायलंड म्हणजे २०१५ आणि २०१९ असे दोन विश्वचषक खेळलेला संघ, आणि सामना त्यांच्या घरी. अशा वेळी आपल्याकडे ठरलेले शब्द कपाटातून बाहेर येतात. रणरागिणी. वाघिणी. लेकींनी इतिहास घडवला. पोरींनी करून दाखवलं.

मी कोल्हापूरची आहे. इथल्या पेठांचे सामने शाहू स्टेडियमवर होतात आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात त्याची बातमी येते. ती कशी असते? पूर्वार्धात चढाया कुणाच्या, डाव्या बगलेतून क्रॉस कुणी टाकला, डीच्या बाहेरून फटका कुणी मारला, गोलरक्षकानं तो कुठल्या बाजूला झेपावून अडवला, टायब्रेकरमध्ये चुकलं कोण. पाटाकडीलच्या सेंटर हाफला कुणी रणमर्द म्हणत नाही. त्यानं पास चुकवला तर चुकवला असं लिहितात, आणि संध्याकाळी कट्ट्यावर त्याची सालपटं काढतात. (हशा) म्हणजे फुटबॉल पाहण्याची भाषा मराठीत नाही असं नाही. चांगली कसदार भाषा आहे, पिढ्यान्‌पिढ्या घासून तयार झालेली. ती आपण देशाच्या महिला संघासाठी वापरत नाही, एवढंच.

थायलंडविरुद्धचे दोन्ही गोल संगीता बासफोरनं केले. ती मधल्या फळीतली खेळाडू. त्याआधीच्या तीन सामन्यांत भारतानं मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-० आणि इराकला ५-० हरवलं होतं. तीन सामन्यांत बावीस गोल. आणि खऱ्या कसोटीच्या दिवशी, मध्यंतरानंतर लगेच थायलंडनं बरोबरी साधल्यावर, गोल आला तो पुन्हा मधल्या फळीकडून. कोल्हापूरच्या कट्ट्यावरचा कुठलाही म्हातारा पहिला प्रश्न विचारेल : मग आघाडीची फळी काय करत होती? तिला बॉल मिळत नव्हता, की थायलंडच्या बचावानं तिला बांधून ठेवलं होतं, की तिला मागे खेचून संगीताला मोकळी वाट करून द्यायची असंच ठरलं होतं? तिन्ही शक्यता वेगळ्या, तिन्हींची उत्तरं वेगळी. मी वाचलेल्या मराठी मजकुरात हा प्रश्न मला दिसला नाही. 'रणरागिणी' म्हटलं की प्रश्न विचारायची सोयच राहत नाही. देवीला कुणी तिची पोझिशन विचारतं का?

त्या १३-० चंही तसंच. २०१९ च्या विश्वचषकात अमेरिकेनं थायलंडला हरवलं तोही आकडा १३-० हाच होता. तेव्हा अमेरिकेच्या खेळाडूंनी प्रत्येक गोल नाचून साजरा करावा का, यावर जगभर वाद झडला. ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्या सतरा वर्षांखालच्या मुली भुवनेश्वरला विश्वचषक खेळल्या. अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. तीन वर्षांत आपण या शिडीच्या दोन्ही टोकांना उभे राहिलोय. विकसनशील संघ म्हणतात तो हाच, एकीकडे कुणाचे तरी आठ गोल खाणारा आणि दुसरीकडे कुणाला तरी तेरा घालणारा. पण मंगोलियाच्या निकालाकडे आपण आरशासारखं पाहिलं नाही, फटाके वाजवले.

आता मानाउस. नोव्हेंबर २०२१, ब्राझीलविरुद्ध भारत, फॉर्मिगाचा निरोपाचा सामना. पहिल्या दहा मिनिटांतच मनीषा कल्याणनं बरोबरीचा गोल केला. ती चित्रफीत तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल, मीही किती वेळा पाहिली असेल. गोल सुंदरच आहे. पण सामना १-६ असा संपला. म्हणजे १-१ नंतर आणखी पाच गोल बसले. ती ऐंशी मिनिटं कुणी एकमेकांना पाठवली नाहीत. मला विचाराल तर संघ कळतो तो त्या ऐंशी मिनिटांत. दम कुठे संपला, दोन फळ्यांमधलं अंतर कधी वाढलं, बॉल पायात आल्यावर घाई कुणाला झाली, हे सगळं तिथे आहे.

ही सवय आपल्याला सिनेमानंही लावली. 'चक दे! इंडिया' हॉकीचा, २००७ चा. मला तो आवडतो, उगाच नाक मुरडत नाही. पण त्यातलं आपल्याला तोंडपाठ असलेलं भाषण कुणाचं? प्रशिक्षकाचं. २०१९ चा तमिळ 'बिगिल' तर थेट महिला फुटबॉलवर, आणि पोस्टरभर विजय. संघ म्हणजे एका पुरुषाच्या प्रायश्चित्ताची किंवा पराक्रमाची सामग्री, असा तो साचा. नागराज मंजुळेंच्या 'झुंड'मध्येही मधोमध अमिताभ बच्चनच आहेत, पण रिंकू राजगुरूच्या वाट्याला आलेला धागा मला वेगळा वाटतो. पासपोर्टसाठी बापलेक कागद गोळा करत या दारातून त्या दारात हिंडतात. तिथे भाषण नाही, जयघोष नाही. खेळाडू मैदानापर्यंत पोहोचण्यात काय काय अडतं, ते शांतपणे दिसतं. चियांग माईची बातमी लिहिणाऱ्यानं पाहायचा असेल तर हा भाग पाहावा.

कुणी म्हणेल, बाई, कौतुक तरी करू द्या, त्यानंच पैसा येतो, पालक मुलींना पाठवतात. खरंय, काही अंशी. पण नुसत्या कौतुकाचा तोटा ज्यांचं कौतुक होतं त्यांनाच होतो. सॅफ स्पर्धा घ्या. २०१० पासून २०१९ पर्यंत सलग पाच वेळा आपण जिंकलो. मग २०२२ आणि २०२४, दोन्ही वेळा काठमांडूत उपांत्य फेरीत नेपाळकडून हरलो, आणि दोन्ही वेळा चषक बांगलादेशानं नेला. शेजारी पुढे कधी गेले? आपण वाघिणी वाघिणी करत होतो तेव्हा. आपली महिला लीग पहिली काही वर्षं सगळ्या संघांना एका गावी बोलावून काही आठवड्यांत उरकली जायची. २०२४-२५ च्या मोसमात आठ संघ होते, प्रत्येकाला चौदा सामने. चौदा सामन्यांवर वर्षभराचा दम कसा टिकेल, हे विचारणं म्हणजे खेळाडूंचा अपमान नव्हे. न विचारणं मात्र मला अपमान वाटतो.

'इतिहास घडवला' या शब्दांबद्दल एक. जानेवारी १९८० मध्ये कालिकतला आशियाई महिला स्पर्धा झाली, तिची अंतिम फेरी भारत खेळला, तैवानविरुद्ध. हरला. १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा उपविजेता. त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार शांती मलिक यांना मिळाला. दर वेळी 'पहिल्यांदाच' म्हणताना या बायका आपण पुसून टाकतो. पात्रता फेरीतून पहिल्यांदा, हे बरोबर. पण ते 'पात्रता फेरीतून' मथळ्यात मावत नाही.

आणि तैवानचं पुढे काय झालं ते ऐका. जानेवारी २०२२, नवी मुंबई, डी. वाय. पाटील स्टेडियम. आशियाई चषक आपल्या दारात. इराणशी ०-०. तीन दिवसांनी सामना तैवानशी, आणि करोनामुळे आपल्याला तेरा खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. सामना झालाच नाही, संघ स्पर्धेबाहेर. आपण त्याला दुर्दैव म्हटलं आणि पान उलटलं. विलगीकरणाच्या व्यवस्थेत फट कुठे पडली, हा प्रश्नही त्याच पानाखाली गेला.

मार्च २०२६ मध्ये ऑस्ट्रेलियात आपल्या गटात जपान होता, व्हिएतनाम होता, आणि पुन्हा तैवान. पहिल्या सहांना २०२७ च्या विश्वचषकाचं थेट तिकीट. जपानसारख्या संघाकडून मोठ्या फरकाने हार झाली तर कृपा करून 'झुंजार पराभव' लिहू नका. आपली लेफ्ट बॅक कुणासमोर उभी होती, ती पुढे गेल्यावर तिची जागा कोण भरत होतं, ते लिहा. मी तो पेपर विकत घेईन. प्रश्न असतील तर आता विचारा.