नववीचे गुण दहावीच्या गुणपत्रिकेत

२०२१ साली करोनामुळे दहावीची परीक्षा रद्द झाली आणि राज्याने प्रत्येक विषयाच्या १०० गुणांची वाटणी अशी ठरवली : नववीच्या निकालाला ५०, दहावीतील लेखी मूल्यमापनाला ३०, गृहपाठ-तोंडी-प्रात्यक्षिकांना २०. निकाल लागला ९९.९५ टक्के. आदल्या वर्षी तो ९५.३० होता. चर्चा झाली ती या फुगवट्याची. आम्हांला खटकतात ते नववीचे ५० गुण.

नववीची प्रश्नपत्रिका तेव्हा शाळाच काढत असे, शाळाच तपासत असे. वसईतील एका शाळेचे ७० गुण म्हणजे विरारमधील दुसऱ्या शाळेचे किती, हे कोणी सांगावे? ज्यांचे शून्य जुळवलेले नाही अशा दोन तापमापकांची वाचने आपण प्रयोगवहीत एकाखाली एक लिहीत नाही. शिवाय नववीत हात आखडता ठेवला की मुले दहावीला जागी होतात, असे मानणारे शिक्षक थोडे नाहीत. (त्यांत वाईट काही नाही, ते गुण इशारा म्हणून दिलेले असतात.) त्यातच एप्रिल २०२० मध्ये नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षाच रद्द झाली होती. इशाऱ्याचे गुण असे अंतिम ठरले.

वसईची मुले अकरावीला मुंबई विभागाच्या केंद्रीय प्रवेशात होती. तिथे एकेका गुणाने महाविद्यालय हुकते. सर्वांना एकच मोजपट्टी लावणारी सामाईक परीक्षा २१ ऑगस्टला ठरली होती. १० ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. कडक शाळेतील मुलाला मग दाद मागायला जागाच उरली नाही.