दुखापतीचे भाकीत आणि दुखापतीचा प्रतिबंध : एक चिकित्सा

प्रस्तावना :
फिगर स्केटिंगमध्ये उडीनंतर खेळाडू एका पायावर उतरतो व शरीराच्या वजनाच्या कित्येक पट आघात त्या पायावर येतो. हा सराव बालवयातच सुरू होत असल्याने कोणते मूल जायबंदी होईल हे आधीच ओळखावे, अशी अपेक्षा निर्माण झाली. तिची चिकित्सा हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
नॉर्वेचे क्रीडावैद्यक तज्ज्ञ रोआल्ड बार यांनी २०१६ मधील आपल्या लेखात या अपेक्षेवर मूलगामी आक्षेप घेतला. चाचणीतील गुण व दुखापत यांत संख्याशास्त्रीय संबंध आढळला, तरी जायबंदी झालेल्या व न झालेल्या खेळाडूंचे गुण परस्परांत इतके मिसळलेले असतात की, व्यक्तीविषयी भाकीत करता येत नाही. हा युक्तिवाद बिनतोड आहे. चाचणीने 'धोक्यातील' ठरविलेले मूल संघाबाहेर जाते आणि 'सुरक्षित' ठरलेल्या मुलाच्या वेदनेकडे दुर्लक्ष होते. अन्याय दोघांवरही होतो.

तथापि वाढत्या वयाचा प्रश्न बार यांच्या विवेचनाच्या केंद्रस्थानी नाही. उंची झपाट्याने वाढते तेव्हा हाडांच्या टोकाशी असलेला वाढीचा कूर्चास्तर नाजूक असतो. म्हणजेच मूल नव्हे, पण धोक्याचा काळ ओळखता येतो.

आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने २०२२ मध्ये वरिष्ठ स्पर्धांची वयोमर्यादा १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ करण्याचा निर्णय घेतला. दहीहंडीत १४ वर्षांखालील मुले नसतील, अशी हमी राज्य शासनाने २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दिली. दोन्ही उपाय स्वागतार्ह असले, तरी ते जन्मतारखेवर आधारलेले आहेत. एकाच वयाच्या दोन मुलांची शारीरिक वाढ मात्र सारखी नसते. शिवाय स्पर्धेचे वय वाढविल्याने सरावाचा भार आपोआप घटत नाही.

पिंपळनेरसारख्या गावी बर्फाचे मैदान नाही. परंतु महाराष्ट्राच्या मल्लखांबातही बालवयातील मनगटे, खांदे व गुडघे असाच ताण सोसतात. तेथे महागड्या चाचण्यांपेक्षा दरमहा उंचीची नोंद, वाढीच्या वेगवान काळात उड्यांची संख्या कमी करणे, खाली पुरेशी जाड गादी आणि दुखणे सांगणाऱ्या मुलास विश्रांती, हे उपाय कोणत्याही शाळेस शक्य आहेत.

निष्कर्ष :
भाकीत निवडक मुलांचा विचार करते, प्रतिबंध सर्वांचा. साधने तुटपुंजी असलेल्या ग्रामीण क्रीडाव्यवस्थेने दुसरा मार्ग स्वीकारणे अधिक शास्त्रीय व अधिक न्याय्य ठरेल.