करपलेल्या कुपीचं सौंदर्य

दिल्लीत तीन मूर्ती भवनाच्या आवारातल्या नेहरू तारांगणात एक करपलेली कुपी ठेवलेली आहे. सोयूझ टी-१० या सोव्हिएत यानाचा हा परतीचा भाग. ११ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा, युरी मालिशेव आणि गेन्नादी स्त्रेकालोव हे तिघे हिच्यात बसून कझाकस्तानातल्या अर्कालिकजवळच्या माळावर उतरले. शर्मांनी अवकाशातून इंदिरा गांधींना दिलेलं ‘सारे जहाँ से अच्छा’ हे उत्तर शाळकरी मुलांनाही पाठ असतं. कुपीबद्दल मात्र ‘राकेश शर्मा यातून अवकाशात गेले’ एवढंच बोललं जातं, आणि तेवढंही बरोबर नाही. ३ एप्रिलला ते गेले सोयूझ टी-११ मधून. ही त्यांना घेऊन आली. माझ्या मते हिची सारी थोरवी त्या परतण्यात आहे.

आधी आकार पाहा. जेमतेम सव्वादोन मीटर रुंद, साधारण तेवढीच उंच, वर निमुळती आणि खाली पसरट. वेगवान वस्तू टोकदार असावी असं आपल्याला वाटतं. हिचा बोथटपणा म्हणूनच आधी खटकतो. पण टोकदार वस्तू अवकाशातून परततानाच्या वेगानं वातावरणात शिरली तर उष्णता थेट तिच्या अंगाला भिडते. बोथट तळ पुढे केला की समोरची हवा दाबली जाते, तिची तप्त लाट तळापासून थोडी अलग उभी राहते आणि बहुतेक उष्णता हवेबरोबरच निघून जाते. शिवाय वजनाचा मध्य मुद्दाम एका बाजूला ठेवलेला असतो. त्यामुळे कुपी किंचित कलून उतरते, तिला थोडी उचल मिळते, आणि स्वतःभोवती वळवून तिला दिशा देता येते. नुसत्या दगडासारखी कोसळली असती, तर आतल्या माणसांवर वजनाच्या आठ-नऊपट भार आला असता. या कलण्यामुळे तो चौपटीच्या आसपास राहतो. बसक्या अंगात इतका विचार भरलेला आहे! इथे शोभेसाठी काढलेली एकही रेषा मला सापडत नाही.

मग तो काळेपणा. त्याला पुसून, रंगवून चकचकीत केलं असतं तर सगळंच गेलं असतं. आणि जे दिसतं ते सर्वांत जास्त भाजलेलं नव्हेच. सगळ्यात मोठी आग सोसली ती तळाच्या कवचानं. हवाई छत्री उघडल्यावर ते टाकून दिलं जातं, कारण त्याच्या आड जमिनीपासून मीटरभर उंचीवर पेटणारी छोटी इंजिनं असतात. सुमारे सात टनांच्या यानातून तीन टनांहून कमी वजनाचा हा भागच शाबूत परततो. बाकीचं वाटेत जळून जातं.

आतली आसनं मला सर्वांत हृद्य वाटतात. गुडघे छातीकडे ओढून, पाठीवर निजूनच तिघं मावतात. प्रत्येकाच्या पाठीचा साचा घेऊन त्याचं अस्तर वेगळं बनवतात. सोयूझ ठरावीक महिनेच अवकाशात भरवशाचं राहतं, म्हणून पाहुण्यांनी आपलं ताजं यान साल्युत-७ स्थानकावरच्या मुक्कामी अंतराळवीरांसाठी मागे ठेवायचं आणि त्यांच्या जुन्या यानातून परतायचं, अशी रीत होती. तेव्हा ही अस्तरंही एका यानातून काढून दुसऱ्यात बसवावी लागत. किझिम, सोलोव्योव आणि अत्कोव या मुक्कामी अंतराळवीरांनी फेब्रुवारीत आणलेल्या याच टी-१० यानात शर्मा असे आपलं आसन घेऊन आले.

स्त्रेकालोव यांच्यासाठी तर हे परतणं आणखी वेगळं असणार. सप्टेंबर १९८३ मध्ये ते व्लादिमीर तितोव यांच्यासह उड्डाणाच्या तयारीत बसले असताना खालच्या रॉकेटनं पेट घेतला. स्फोटाच्या काही क्षण आधी सुटका-रॉकेटनं त्यांची कुपी उचलून दूर नेली, दोघेही वाचले. ते उड्डाण यशस्वी झालं असतं तर त्यालाच टी-१० हे नाव मिळायचं होतं. सहा-सात महिन्यांनी त्याच नावाच्या यानातून ते सुखरूप जमिनीवर आले.

दिल्लीला गेलात तर या कुपीसाठी वेळ राखून ठेवा. मुलं बरोबर असतील तर त्यांना ‘ही वर कशी गेली’ याआधी ‘ही खाली कशी आली’ ते सांगा.